मामांच्या तळपायाची जखम: १९ जुलै ते १२ नोव्हेंबरची वही

मामा म्हणजे माझे सासरे, वय ६७, शुगर होऊन १४ वर्षं झाली, गोळ्या चालू. २०२४ च्या आषाढीला आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालत गेले आणि उजव्या चवड्याला फोड घेऊन घरी आले. फोडाची जखम झाली, जखम चिघळली, मग भरत आली, ह्यात तीन महिने गेले. ड्रेसिंग मी घरीच करत होते आणि रोजचं वहीत लिहीत होते, तेच इथं उतरवतेय. मी नर्स नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते, घरी दोन म्हशी आणि अडीच एकर सोयाबीन-ऊस. वारीहून असा पाय घेऊन आलेलं माणूस ज्यांच्या घरात असेल त्यांचे आमच्यासारखे पहिले सतरा दिवस वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

१९ जुलै, शुक्रवार

सकाळी दिंडीच्या ट्रकनं मामा आले. दारात आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, पायावर पाणी घातलं. वारीहून आलेल्या माणसाचे पाय धुवायची आमच्यात रीत आहे म्हणून दिसलं तरी, नाहीतर कुणी तळपाय बघतंय. अंगठ्याच्या मागं चवड्यावर रुपयाएवढा फोड, फुटून कातडं आत दुमडलेलं, कडेनं हळद वाळून बसलेली. म्हणले नातेपुत्याच्या मुक्कामाला आला, सुईनं फोडला, हळद-तेल लावलं आणि चालत राहिलो. म्हणजे त्या फुटलेल्या फोडावर माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर एवढं सगळं चालणं झालं. दुखलं नाही का विचारलं तर म्हणले माउलीची कृपा, जरासुद्धा नाही.

ते ऐकून आम्हा सगळ्यांना बरं वाटलं. खरं तर तिथंच घाबरायला पाहिजे होतं.

२० जुलै

गरम पाण्यात मीठ टाकून पाय शेकायला बसवलं. पाणी मी चुलीवरून उतरवून टबात ओतलं, गार पाणी नंतर घालणार होते, तेवढ्यात मामांनी पाय टाकला पण. म्हणले असू दे गं, कोमटच आहे. मी हात घातला आणि चटका बसून लगेच मागं घेतला. पाय बाहेर काढला तर घोट्यापर्यंत लालबुंद. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी करंगळीच्या बाजूला भाजल्याचा आणखी एक फोड. आता एका पायाला दोन दुखणी, आणि दुसरं तर मीच दिलेलं. शुगरवाल्याचा पाय गरम पाण्यात बुडवायचाच नाही, शेकायचा नाही, हे पुढं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. अंघोळीचं पाणीसुद्धा दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून बघायचं.

२१ ते २६ जुलै

मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड, अँटिबायोटिक पावडर, कापूस आणि चिकटपट्टी आणली. रोज सकाळ-संध्याकाळ पेरॉक्साइड ओतायचं, पांढरा फेस आला की वाटायचं जंतू मरतायत. तो फेस जंतू मेल्याचा नसतो, रक्ताला-मांसाला पेरॉक्साइड लागलं की येतोच, आणि जे नवीन मांस धरत असतं तेही त्यात मरतं. सहा दिवस मी हेच केलं. वरून पावडर टाकायचे, तिचा ओला थर बसून खाली काय चाललंय ते दिसायचंच नाही. कापसाचे धागे जखमेत अडकायचे. आत्यांनी दोनदा दगडी पाला चुरगळून रस पिळला, मी नको म्हणले नाही कारण आमच्या घरात खुरप्याचं कापलं की सगळे तेच लावतात. पण खुरप्याची जखम वेगळी आणि ही वेगळी.

जखम काही वाढली नाही पण कमीही झाली नाही, कडा पांढऱ्या टणक आणि मध्ये पिवळट चिकट.

२७ जुलै

गावातल्या डॉक्टरांकडं गेलो. धनुर्वाताचं इंजेक्शन मागं कधी घेतलं ते मामांना आठवेना, म्हणून त्यांनी ते आधी दिलं. खरं हे आल्या दिवशीच घ्यायला पाहिजे होतं, जखमेत रस्त्याची माती गेलेली. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. रक्त तपासलं, तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट ९.६ आली. ह्याच आठवड्यात साताऱ्याला डायबेटिक फूटच्या सर्जनना दाखवा असं चिठ्ठीवर लिहून दिलं.

आम्ही गेलो नाही. सोयाबीनची भांगलण चालू होती, हे चाकणला कंपनीत, रजा नव्हती, आणि मामा म्हणत होते दुखत नाही तर कशाला. कारणं सगळी खरी होती पण त्या पायाला त्याचं काय.

३० जुलै

डॉक्टरांकडच्या सिस्टरनी ड्रेसिंग नीट शिकवलं. शेवटपर्यंत हेच केलं म्हणून सविस्तर लिहिते.

खोलीतला पंखा बंद, दार लावलेलं, मांजर बाहेर. पायाखाली धुतलेलं फडकं, उजेड खिडकीकडून. सगळं सामान आधी उघडून मांडायचं, कारण एकदा जखमेला हात लागला की पाकिटाला हात लावायचा नाही. साबणानं कोपरापर्यंत हात, नखं कापलेली, बांगड्या वर सरकवून पदर खोचलेला. जुनं ड्रेसिंग काढून वेगळ्या पिशवीत. मग हात परत धुवायचे, हे मी आधी कधीच करत नव्हते, जुन्या पट्टीचेच हात नव्याला लावत होते. मग ग्लोव्हज. गॉज चिकटलेला असला तर ओढायचा नाही, त्यावर सलाइन सोडून पाच मिनिटं थांबायचं, आपोआप सुटतो. ओढला की नवीन मांस त्याच्याबरोबर येतं, रक्त येतं, आणि काल भरलेलं आज गेलं.

धुवायला फक्त सलाइन, तेच शिरेतून लावतात ते, ५०० एमएलची बाटली. बाटलीला सुई टोचून धार मारायची. धार मारली की सुटा पिवळा चिकटा निघून जातो, घासायला लागत नाही. फोडलेली बाटली दुसऱ्या दिवशी वापरायची नाही, उरलेली ओतून द्यायची, मला जिवावर यायचं पण तेच बरोबर आहे. बाहेरची कातडी कोरड्या गॉजनं टिपायची, बोटांच्या बेचक्यासुद्धा. मग सांगितलेलं मलम गॉजला पातळ, जखमेवर नाही. वर दोन कोरडे गॉज आणि रोलर बँडेज, चिकटपट्टी कातडीला नाही तर बँडेजलाच. मी आधी कातडीला लावत होते, काढताना दोन ठिकाणी सालपट निघालं होतं.

सिस्टरनी आणखी एक सांगितलं, लालीच्या कडेनं पेनानं रेघ मारून ठेवा आणि तारीख लिहा. माझ्या मते ह्या सगळ्यातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच, कारण रोज बघणाऱ्याला वाढलेलं कळत नाही, रेघेला कळतं.

४ ऑगस्ट, रविवार

संध्याकाळी पट्टी सोडली तर वास. आधी वाटलं गोठ्यातला वास आला असेल, मग गॉज नाकाजवळ नेला, कुजका गोडसर वास. लाली रेघेच्या बाहेर दोन बोटं गेली होती. पायाच्या वरच्या बाजूला हात लावला तर डाव्या पायापेक्षा गरम. मामा म्हणले जांघेत काहीतरी गाठीसारखं लागतंय सकाळपासून. अवधाण आलं होतं. ताप ९९.८, म्हणजे फार नाही. पण शुगर ३१८, आणि आदल्या आठवड्यात दोनशेच्या आसपास होती, खाण्यात काही बदल नाही, गोळी चुकलेली नाही. दुखणं? तेव्हाही नाही.

हे नीट लक्षात ठेवा, शुगरवाल्याला ठणका लागेल, ताप भरेल, मग जाऊ म्हणून थांबलात तर थांबतच राहाल. त्याची शुगर बोलते.

रात्री गाडी नव्हती म्हणून सकाळवर ढकललं. डॉक्टर नंतर म्हणले रात्रीच यायला पाहिजे होतं. लाली तासागणिक चढत असेल, थंडी वाजून ताप येत असेल, बोट काळंनिळं पडलं असेल तर सकाळची वाट बघायचीच नाही.

५ ऑगस्ट, साताऱ्याला

श्रावणाचा पहिला सोमवार, मामांचा उपास. डॉक्टरांनी आधी पायाच्या नाडीवर मशीन लावलं, रक्त खाली येतंय का ते ऐकलं, येत होतं. मग नायलॉनच्या जाड केसासारखी काडी तळपायाला दहा ठिकाणी टेकवली, डोळे मिटून सांगा म्हणले, मामांना दोनच ठिकाणी कळलं. एक बोथट सळई जखमेत घालून हाडाला लागते का बघितलं, एक्सरे काढला. हाड वाचलं होतं. पू तपासायला पाठवला.

मग तिथंच टेबलावर कापलं. भूल दिली नाही, लागलीच नाही. मामा डॉक्टरांना दिवेघाट कसा चढला ते सांगत होते, पालखीला बैलांच्या जास्तीच्या जोड्या कशा जुंपतात ते, आणि खाली कात्रीनं त्यांचं मांस कापणं चालू होतं. मी बाजूला उभी होते. मला बघवेना आणि नजर पण काढता येईना.

कापून झाल्यावर ३.२ बाय २.६ सेमी भरली, आत जाताना रुपयाएवढी होती. आत्या घरी रडायला लागल्या की मोठी करून आणली. पण मेलेलं काढल्याशिवाय खालचं जिवंत मांस वर येत नाही, आणि पांढऱ्या टणक कडेखाली पू साठला होता तो वरून दिसतच नव्हता.

इन्सुलिन चालू, उपास बंद. उपासावरून मामा रुसले. डॉक्टर म्हणले इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलात तर शुगर एकदम खाली जाईल आणि चक्कर येऊन पडाल, जखम भरेपर्यंत देवाला माझ्याकडून सांगा. हे ऐकल्यावर मामा काही बोलले नाहीत.

८ ऑगस्ट

पूचा रिपोर्ट आला. जो जंतू निघाला तो गावात दिलेल्या गोळ्यांना दाद देत नव्हता, रिपोर्टप्रमाणे औषध बदललं. चौथ्या दिवशी लाली रेघेच्या आत आली, अवधाण उतरलं. तरी कोर्स पूर्ण केला, एक गोळी सोडली नाही.

१२ ऑगस्ट

डॉक्टरांनी तळव्याला जाड फेल्टचा, म्हणजे नमद्यासारख्या कापडाचा, तुकडा चिकटवून दिला होता, जखमेच्या जागी भोक असलेला, म्हणजे भार बाजूला जाईल. चालायचं फक्त संडास-बाथरूमपुरतं, तेही वॉकर घेऊन. आज पट्टी सोडताना बँडेजच्या तळाला शेण. वाळलेलं, हिरवट. मामा पहाटे पाचला सगळे झोपलेले असताना गोठ्यात जात होते, म्हशीला दुसऱ्याचा हात चालत नाही म्हणून. फेल्ट एका बाजूनं दबून पातळ झाला होता.

मी खूप बोलले त्यांना, आणि नंतर वाईट वाटलं. चाळीस वर्षं पहाटे उठणाऱ्या माणसाला पडून राहा म्हणणं सोपं असतं. दुपारी शांतपणे त्यांना त्यांच्या तळपायाचे फोटो दाखवले मोबाइलवर, ३० जुलैपासूनचे सगळे, मोजपट्टी बाजूला ठेवून काढलेले. त्यांनी स्वतःचा तळपाय तोपर्यंत बघितलाच नव्हता, वाकून दिसत नाही. बराच वेळ ५ तारखेचा फोटो बघत बसले. मग म्हणले, हे माझ्याच पायाला?

दुसऱ्या दिवसापासून धारा दीर काढायला लागले. दोन दिवस म्हशीनं दूध चोरलं, तिसऱ्या दिवशी सोडलं.

१५ ऑगस्ट

एवढं करून फेल्ट परत पुढच्या बाजूनंच दबलेला दिसला. गोठा बंद, मग भार येतो कुठून? रात्री सुचलं. आमचा संडास देशी आहे. उकिडवं बसलं की आख्खा भार चवड्यावर, आणि जखम नेमकी चवड्यावरच. रोज दोनदा दहा-दहा मिनिटं. हे डॉक्टरांनी विचारलं नव्हतं आणि आम्हालाही सुचलं नव्हतं. कमोडची घडीची खुर्ची आणली, १,४५० रुपये. आख्ख्या खर्चात सगळ्यात उपयोगी पैसे हेच गेले असं मी म्हणेन. जेवायलाही खाली मांडी घालून बसायचे, उठताना चवड्यावर जोर द्यायचे, तेही खुर्चीवर आणलं.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

२.९ बाय २.३. पिवळं जवळजवळ गेलं, तळाला लाल दाणे दाणे दिसतायत, डाळिंब फोडल्यासारखं. डॉक्टरांना फोटो पाठवला, म्हणले असंच पाहिजे. आता ड्रेसिंग एक दिवसाआड, सारखं उघडलं की जखम गार पडते आणि भरायची थांबते असं त्यांचं म्हणणं.

खाण्यावरून घरात रोज चर्चा. वांगं नको, पू होतो. भात नको, पू होतो. आंबट नको. डॉक्टरांना विचारलं तर म्हणले भात कमी करा तो शुगरसाठी, वांग्यानं काही होत नाही, आणि अंगात मांस भरायला प्रथिनं लागतात. माळकरी माणूस, अंडं-मटण नाही, म्हणून मोडाची मटकी, डाळ घट्ट, दूध, दही, पनीर, शेंगदाणे मोजून.

२ सप्टेंबर

२.० बाय १.७. चार आठवड्यांत जखम निम्म्यावर आली नाही तर उपचार बदलायला लागतील असं डॉक्टर म्हणले होते, निम्म्याच्याही खाली आली. आज वहीत हिशोब करताना हात थरथरला.

८ सप्टेंबर, गणपतीचा दुसरा दिवस

काल पाहुणे होते म्हणून मामांची अंघोळ घाईत झाली. मी पायाला नेहमीसारखी प्लास्टिकची पिशवी रबर लावून बांधली आणि नंतर काढायची राहून गेली, आरती, जेवणं, संध्याकाळी आठवण झाली. आत पाणी आणि घाम. कडेची कातडी पांढरी, भिजलेल्या पोह्यासारखी मऊ. नवीन आलेली कड दोन-तीन मिलीमीटर गेली. पाणी लागलं म्हणून जखम पिकते असं नाही, एक दिवसाआड तर धूतोच आपण, पण ओलं कोंडून राहिलं की कातडी कुजते. तेव्हापासून पाय स्टुलावर टबाच्या बाहेर आणि अंग बसून धुवायचं. जे गेलं ते भरायला आठवडा लागला.

३० सप्टेंबर

०.५ सेमी, मसुरीएवढी. खर्च लिहून ठेवला होता तो मांडते: डॉक्टर आणि दोनदा कापणं ३,८००, एक्सरे ४५०, पूची तपासणी ७५०, औषधं-इन्सुलिन ४,१००, ड्रेसिंगचं सामान ३,६५०, कमोड १,४५०, वॉकर ८५०, साताऱ्याच्या फेऱ्या ३,२००, आणि एमसीआरची, म्हणजे मऊ रबराच्या तळाची, चप्पल मापानं करायला टाकली तिचे १,१००. एकूण १९,३५०. वेळ म्हणाल तर ड्रेसिंगला सुरुवातीला पाऊण तास, आता वीस मिनिटं. आमच्याबरोबर ओपीडीत एक बाई यायच्या, त्यांच्या मिस्टरांची दोन बोटं काढली. त्यांची सुरुवात पण फोडापासूनच झाली होती, नवीन चप्पल चावली होती.

१४ ऑक्टोबर

बंद झाली. पापुद्र्यासारखी गुलाबी कातडी, दाबलं की काही येत नाही. मामांनी मोबाइलवर बघितलं, मग आत्यांना दाखवलं. डॉक्टर म्हणले ही कातडी कच्ची आहे, अजून तीन आठवडे फेल्ट ठेवा, आणि पुढं आयुष्यभर अनवाणी नाही, घरात पण चप्पल. चवड्यावर घट्टा धरतो तो घरी ब्लेडनं कापायचा नाही, त्यांच्याकडं येऊन काढायचा, कारण घट्ट्याच्या खालीच परत फुटतं.

१२ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी

मामांना जायचंच होतं. एसटीनं गेले, बरोबर हे रजा काढून. फराळाचं किती वाजता आणि किती खायचं ते डॉक्टरांना विचारून लिहून घेतलं होतं. चप्पल एमसीआरची, आत हात फिरवून खडा नाही ना बघूनच घालायची, देवळात शिरताना जाड सुती मोजे, आणि रांगेत उभं राहायचं ते मुखदर्शनापुरतंच असं कबूल करून घेतलं होतं.

रात्री मठातून ह्यांनी व्हिडिओ कॉल केला. टॉर्च धरून तळपाय दाखवला, अंगठ्याखाली मोज्याच्या शिवणीची गुलाबी रेघ उठलेली. पाय उशीवर ठेवा, मी म्हणले आणि घड्याळ लावलं. लाली वीस मिनिटांत गेली तर ठीक, नाही गेली तर उद्या साताऱ्यात उतरायचं, घरी यायचं नाही. अकराव्या मिनिटाला परत फोन आला. गेली होती.